लँकफर्ड यांचं पेन

७ फेब्रुवारी २०२४. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स लँकफर्ड अमेरिकी सिनेटमध्ये बोलायला उभे राहिले, तेव्हा आपण चार महिने खपून लिहिलेलं, मेक्सिकोलगतच्या सीमेवरचं स्थलांतर रोखणारं सीमाविधेयक आज मरणार हे त्यांना ठाऊक होतं. रविवारी संध्याकाळी ३७० पानांचा मसुदा बाहेर आला आणि बुधवारी तिरडी बांधून तयार. बोलता बोलता त्यांनी एक पेन दाखवलं. सिनेटर झाल्यावर समोरच्या मेजावरच्या वहीत सही करण्यासाठी हाती दिलेलं पेन. नुसत्या पत्रकार परिषदाच घ्यायच्या असतील तर हे पेन माझ्याकडे कशाला, पत्रकार परिषद कुठूनही घेता येते, कायदा मात्र फक्त या सभागृहात होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. उजव्या गोटातल्या एका लोकप्रिय भाष्यकाराने आपल्याला दिलेली धमकीही त्यांनी सांगितली: निवडणुकीच्या वर्षात सीमेचा प्रश्न सोडवायला गेलात तर तुम्हाला संपवू.

विधेयक पुढे सरकायला ६० मतं लागत होती. पडली ४९. लँकफर्ड यांच्या पक्षातून त्यांच्यासह चार.

हा माणूस मवाळ नव्हे. बाप्टिस्टांच्या फॉल्स क्रीक या भल्यामोठ्या युवा शिबिराचं काम बरीच वर्षं पाहून २०१० साली निवडणुकीत उतरलेला. गर्भपात घ्या, कर घ्या, सरकारी खर्च घ्या, पक्षाच्या उजव्या बाजूलाच सापडेल. बायडेन यांच्या चार वर्षांत रिपब्लिकन सभांमधून तीन वाक्यं आलटूनपालटून ऐकू येत: तेल अडवलं, सीमा उघडी टाकली, महागाई वाढवली. थोड्याफार फरकाने लँकफर्डही तेच बोलत. फरक एवढाच, की तिघांपैकी एका वाक्याचं कलम-पोटकलम करण्याची वेळ त्यांच्यावर आली. वाक्य आणि कलम यांच्यात नेमकं किती अंतर असतं, हे मोजायला ही तिन्ही वाक्यं चांगली आहेत.

तेलापासून सुरुवात करू, कारण ओक्लाहोमा म्हणजे तेल. या राज्यात कुशिंग नावाचं लहानसं गाव आहे. अमेरिकी कच्च्या तेलाचा जो भाव रोज वृत्तपत्रात छापून येतो, त्या वायद्यातलं तेल प्रत्यक्ष ताब्यात द्यायचं ते या गावातल्या टाक्यांमध्ये. कोविडमध्ये मागणी आटली, टाक्यांमधली शिल्लक जागा आधीच आरक्षित झाली आणि २० एप्रिल २०२० रोजी भाव उणे ३७.६३ डॉलरवर गेला. म्हणजे माझं तेल घ्या आणि वर पैसेही घ्या. याची झळ थेट मुंबईला लागली. टाळेबंदीमुळे आपला वायदेबाजार, एमसीएक्स, तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत असे. खरी पडझड रात्री झाली आणि सौदे उणे २,८८४ रुपये प्रतिपिंप या दराने मिटवले गेले. कुशिंगचं नावही न ऐकलेल्यांनी कुशिंगमधल्या टाक्यांची किंमत मोजली.

त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत विहिरी खणणाऱ्या चालू रिगांची संख्या २४४वर घसरली होती. बायडेन तेव्हा उमेदवार होते. तेल कमी झालं ते कुणाच्या आदेशाने नव्हे, विहीर खणणं परवडेना म्हणून. शेल, म्हणजे खडकाच्या थरात अडकलेलं तेल काढणाऱ्या, विहिरीचा स्वभावच असा, की पहिल्याच वर्षात तिचं उत्पादन निम्म्याहून खाली येतं. नव्या विहिरी खणत राहिलं तरच एकूण आकडा टिकतो. २०२०मध्ये खणणं थांबलं, त्याचे पडसाद २०२१मध्ये पंपावर उमटले.

मग टीका खोटी का? सरसकट नाही. २० जानेवारी २०२१ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, बायडेन यांनी कीस्टोन एक्सएल या तेलवाहिनीचा परवाना रद्द केला. कॅनडातल्या हार्डिस्टीहून नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंत रोज ८ लाख ३० हजार पिंपं नेणारी ही वाहिनी. सीमा ओलांडते म्हणून राष्ट्राध्यक्षांचा परवाना लागतो, आणि एकाची सही दुसरा पुसतो: ओबामांचा नकार २०१५ला, ट्रम्प यांचा होकार २०१७ला, बायडेन यांचा पुन्हा नकार. पंपावरच्या भावाशी याचा तत्काळ संबंध नव्हता, कारण वाहिनीचा अगदी थोडा भाग बांधून झाला होता. पण रिपब्लिकनांच्या सांगण्यात न येणारी एक बारीक गोष्ट इथे आहे. मेक्सिकोच्या आखातालगतचे बरेच तेलशुद्धीकरण कारखाने जड, गंधकयुक्त तेलासाठी बांधलेले आहेत. टेक्सासचं शेल तेल हलकं आणि कमी गंधकाचं. देशात तेल उदंड असूनही कॅनडाचं जड तेल हवं असतं ते यामुळे. ‘आपलंच तेल काढा, आयात बंद’ हे वाक्य सभेत छान वाटतं. कारखान्यातल्या ऊर्ध्वपातन मनोऱ्याला ते पटत नाही.

दुसरा आक्षेप सरकारी जमिनींचा. जानेवारी २०२१च्या शेवटच्या आठवड्यात तेल काढण्याच्या नव्या भाडेपट्ट्यांना स्थगिती आली, जूनमध्ये लुइझियानाच्या न्यायालयाने ती रोखली. देशातलं साधारण पाव तेल केंद्राच्या जमिनीतून आणि समुद्रातून येतं. उरलेलं खाजगी आणि राज्यांच्या जमिनींतून, जिथे राष्ट्राध्यक्षाला कुणी विचारत नाही. खुद्द ओक्लाहोमात केंद्राची जमीन दोन टक्क्यांच्या आतच. म्हणूनच इतक्या आरडाओरड्यात २०२३ साली उत्पादन दिवसाला सरासरी १ कोटी २९ लाख पिंपांवर गेलं. २०१९चा १ कोटी २३ लाखांचा विक्रम मोडला, आणि २०२४ने हाही मोडला. विक्रम झाला हे डेमोक्रॅट मोठ्याने सांगत नव्हते कारण त्यांचे पर्यावरणवादी मतदार रागावले असते. रिपब्लिकन सांगत नव्हते कारण मग भाषणच कोसळलं असतं.

टीकेचा खरा दम समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांत आहे. २०२४ ते २०२९ या पाच वर्षांच्या आराखड्यात बायडेन सरकारने फक्त तीन लिलाव ठेवले, आजवरचे सर्वांत कमी. खोल समुद्रात पट्टा घेतल्यापासून पहिलं पिंप वर यायला सात, कधी दहा वर्षं जातात: आधी भूकंपलहरींची पाहणी, मग शोधविहीर, मग मोजमाप, मग फलाट आणि वाहिनी. आज लिलाव टाळला तर त्याचं बिल २०३२नंतरच्या राष्ट्राध्यक्षाच्या नावावर फाटेल. या टीकेला मी सर्वांत जास्त गुण देईन, आणि सभेत तीच सर्वांत कमी ऐकू येते, कारण २०३२च्या पिंपावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

टाळ्या मिळतात त्या पंपावरच्या आकड्याला. १४ जून २०२२ला देशाची सरासरी गॅलनला ५.०१६ डॉलर झाली, तोवरचा उच्चांक. लिटरमागे त्या वेळच्या रुपयाने एकशे तीन-चार. मुंबईत त्याच आठवड्यात पेट्रोल १११ रुपये ३५ पैसे होतं. अमेरिकी माणसाच्या उत्पन्नाशी तुलना केली तर हा संताप आपल्याला जरा लाडावलेला वाटेल. पण तिथे कामावर जायला गाडीशिवाय दुसरा मार्गच नाही, आणि दीड वर्षांत भाव दुप्पट झाला होता. युक्रेन युद्ध हे एक कारण. कोविडकाळात कारखाने बंद पडून शुद्धीकरणाची दिवसाला सुमारे दहा लाख पिंपांची क्षमता गेली, हे दुसरं.

त्या वर्षी ३१ मार्चला बायडेन यांनी देशाच्या सामरिक तेलसाठ्यातून सहा महिने रोज दहा लाख पिंपं, म्हणजे एकूण १८ कोटी पिंपं, काढायची घोषणा केली. हा साठा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यालगत चार ठिकाणी, जमिनीखाली मिठाच्या प्रचंड घुमटांमध्ये साठ गुहा कोरल्या आहेत. कोरायच्या कशा? गोडं पाणी सोडून मीठ विरघळवायचं. एक पिंप जागा करायला सात पिंपं पाणी. अशी सर्वसाधारण गुहा सुमारे दोनशे फूट रुंद आणि अडीच हजार फूट खोल असते. एकीत एक कोटी पिंपं मावतात. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून काढताना खालून पाणी भरायचं, तेल वर ढकललं जातं. मेख इथे आहे. ते पाणी पुन्हा थोडं मीठ खातं, गुहा दर खेपेला रुंदावते, दोन गुहांमधली भिंत पातळ होते. म्हणून एकेका गुहेतून पूर्ण उपसा चार-पाच वेळाच करावा असा हिशेब धरलेला असतो. शिवाय काढण्याचा कमाल वेग दिवसाला ४४ लाख पिंपं, भरण्याचा सात लाखांच्याही आत. उडवणं सोपं, जमवणं कठीण, हे कोणत्याही घरातली गृहिणी सांगेल.

जानेवारी २०२१मध्ये ६३ कोटींहून अधिक असलेला साठा जुलै २०२३मध्ये ३५ कोटींच्या खाली गेला, १९८३नंतरचा नीचांक. निवडणुकीसाठी तिजोरी फोडली, ही टीका इथे बोचते. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे: तेल सरासरी ९५ डॉलरला विकलं गेलं आणि पुढे ८०च्या आत परत घेतलं गेलं. आणि टीकाकारांना नको असलेलं एक पान. २०१५ ते २०१७ या काळात, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हाती असताना, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, रस्त्यांचा खर्च, औषध संशोधन आणि करकपात यांची तोंडमिळवणी करायला याच गुहांतलं तेल विकायची कलमं कायद्यांत घातली होती. तिजोरीला भोक तेव्हाच पडलं होतं.

ऊर्जेचा एक धागा आपल्या रत्नागिरीपर्यंत येतो. २६ जानेवारी २०२४ला बायडेन यांनी द्रवीभूत नैसर्गिक वायूच्या नव्या निर्यात परवान्यांना विराम दिला, तो मुक्त व्यापार करार नसलेल्या देशांपुरता. भारत त्यातच मोडतो. लुइझियानाच्या सबीन पासहून गेल या भारतीय सरकारी कंपनीने दीर्घ मुदतीच्या करारावर घेतलेला पहिला वायू ३० मार्च २०१८ला दाभोळलाच उतरला होता, उणे १६२ अंशांवर, थंड करून मूळ आकारमानाच्या सहाशेव्या हिश्श्यात आकसवलेला. एन्रॉनच्या आठवणी असलेल्या त्याच दाभोळला. जुने परवाने विरामातून वगळले असल्याने या करारांना धक्का लागला नाही. दाभोळची खरी अडचण वर्षानुवर्षं वॉशिंग्टनची नव्हतीच. लाटा अडवणारी भिंत पुरी नव्हती, म्हणून पावसाळ्यात जहाजं लागत नसत.

आता सीमा.

ओरड काय होती ते आकड्यांत स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२३ला संपलेल्या वर्षात दक्षिण सीमेवर अडवलेल्यांची नोंद २४ लाख ७५ हजार. एकट्या डिसेंबर २०२३मध्ये गस्ती दलाने जवळपास अडीच लाख लोक पकडले, म्हणजे दिवसाला आठ हजार. यातले बहुतेक लपूनछपून पळणारे नव्हते. नदी ओलांडायची, काठावर बसून राहायचं आणि गस्तीची गाडी आली की स्वतःहून हात वर करायचे. कारण १९८०चा कायदा सांगतो, की अमेरिकेच्या भूमीवर पोचलेला माणूस, तो कुठूनही शिरलेला असो, आश्रय मागू शकतो.

त्या वेळी पुढची साखळी अशी होती. बोटांचे ठसे, फोटो. मायदेशी छळाची भीती असेल तर अधिकाऱ्यासमोर प्राथमिक मुलाखत. तिथे दावा टिकण्याची ‘लक्षणीय शक्यता’ दाखवली की पुरे, आणि ही पट्टी बरीच खाली ठेवलेली. कोंडायला जागा सुमारे ३४ हजार खाटांची. माणसं त्याच्या कितीतरी पट, म्हणून बहुतेकांच्या हाती न्यायालयाच्या तारखेचा कागद देऊन सोडून द्यायचं, अनेकदा मुलाखतीशिवायच. तारीख काही वर्षांनंतरची. न्यायाधीश सातशेच्या आसपास, तुंबलेले खटले २०२३च्या अखेरीस तीस लाखांवर. डोईमागे चार हजारांहून जास्त. दरम्यान अर्ज केल्यापासून १५० दिवसांनी कामाचा परवाना मागता येई, १८० दिवसांनी मिळू शके. तस्कर गिऱ्हाइकाला जे विकतो ते आश्रय नव्हेच. तो विकतो मधली पाच-सहा वर्षं. दावा अखेरीस फेटाळला गेला तरी तोवर कर्ज फिटलेलं असतं, मुलं शाळेत रुळलेली असतात. भारतीयांनाही हे गणित कळलं होतं: त्या वर्षी उत्तर-दक्षिण मिळून सगळ्या सीमांवर ९६,९१७ भारतीयांची नोंद आहे.

लँकफर्ड यांनी नेमकी ही मधली वर्षं छाटायचा प्रयत्न केला. पट्टी ‘लक्षणीय’वरून ‘वाजवी शक्यते’वर चढवायची. स्वतःच्या देशात दुसऱ्या शहरात सुरक्षित राहता आलं असतं का, गुन्हे आहेत का, हे वर्षांनंतर नव्हे, पहिल्याच मुलाखतीत तपासायचं. खटला न्यायाधीशापुढे नेण्याऐवजी चार हजारांवर नवे आश्रय अधिकारी नेमून सहा महिन्यांत निकाली काढायचा. आपल्याकडे ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही थट्टा आहे. तिथे सहा महिने हे ध्येय होतं. खाटा ५० हजार. एकूण विधेयक सुमारे ११,८०० कोटी डॉलरचं, त्यात सीमेसाठी २,००० कोटी. मोठा हिस्सा युक्रेनचा.

आणि ज्या कलमाने विधेयक मेलं, ते ५,०००चं. रोज अडवलेल्यांची सात दिवसांची सरासरी ४,०००वर गेली तर सीमेवरची आश्रयाची दारं बंद करण्याची मुभा. ५,०००वर गेली, किंवा एकाच दिवशी ८,५०० झाले, तर बंद करणं सक्तीचं. सरासरी उंबरठ्याच्या तीन चतुर्थांशाखाली आली की चौदा दिवसांत उघडायचं. पहिल्या वर्षी कमाल २७० दिवस, तिसऱ्या वर्षी १८०, मग अधिकार संपुष्टात. याचा अर्थ बाहेर गेला तो असा: ‘लँकफर्ड रोज पाच हजार घुसखोरांना आत घेणार.’ पाच हजार हा आत घेतलेल्यांचा आकडा नव्हता, अडवलेल्यांचा होता. उंबरठ्याच्या खालीही त्या प्रत्येकाला नव्या, कडक चाळणीतून जायचं होतं. धरणाच्या धोक्याच्या पातळीला कुणी ‘एवढं पाणी गावात सोडायची परवानगी’ म्हणावं, तसा हा प्रकार. पण खुलासा करायला चार वाक्यं लागत होती आणि आरोपाला एक. डिसेंबरचे आकडे धरले तर कायदा झाल्या दिवशीच दार बंद करावं लागलं असतं.

मसुद्याच्या आतल्या पानांत पुण्या-नाशिकहून गेलेल्या कुटुंबांचं एक दुखणंही होतं. एच-१बी व्हिसावर वर्षानुवर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांची मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसावरून बाहेर पडतात. अंगणवाडीपासून तिथे शिकलेलं पोर परदेशी विद्यार्थी ठरतं. त्यांना संरक्षण, ग्रीन कार्डाची याचिका मंजूर झालेल्यांच्या जोडीदारांना कामाची मुभा, आणि पाच वर्षं दरसाल ५०,००० जास्तीचे स्थलांतरित व्हिसा, ही कलमंही त्या बुधवारी गेली. त्याची बातमी अमेरिकेतल्या मराठी घरांबाहेर फारशी कुणी वाचली नसेल.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. राष्ट्राध्यक्षाकडे अधिकार आहेतच, नवा कायदा कशाला, असं प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन म्हणत होते. ४ जून २०२४ला बायडेन यांनी घोषणापत्र काढून सरासरी २,५००वर आश्रय रोखला. मेक्सिकोने वर्षारंभापासून कडक केलेली अडवणूक आणि हा आदेश मिळून सप्टेंबरपर्यंत महिन्याचा आकडा ५४ हजारांच्या घरात आला. ट्रम्प परतल्यावर मार्च २०२५मध्ये तो सात हजारांच्या आसपास होता. म्हणजे आदेशाने काम होतं. होतं, आणि उलटतंही. अर्जदारांना मेक्सिकोतच थांबवण्याचा कार्यक्रम जानेवारी २०१९मध्ये सुरू झाला, जानेवारी २०२१मध्ये थांबला, न्यायालयाच्या आदेशाने त्याच डिसेंबरात पुन्हा सुरू, ऑगस्ट २०२२मध्ये पुन्हा बंद, जानेवारी २०२५मध्ये पुन्हा चालू. १५०-१८० दिवसांचं ते घड्याळ आणि १९८०चं ते कलम मात्र या सगळ्या काळात जागच्या जागी राहिली. गिऱ्हाईक कधी यायचं ते तस्कर निवडणुकीच्या दिनदर्शिकेवरून ठरवतो.

अर्थव्यवस्थेवरची टीका सर्वांत सोपी आणि बरीचशी खरी होती. मार्च २०२१मध्ये, अर्थव्यवस्था सावरत असताना, १.९ लाख कोटी डॉलरचं मदत पॅकेज एकाही रिपब्लिकन मताशिवाय झालं. याने भाव भडकतील, असा इशारा लॅरी समर्स या डेमोक्रॅट अर्थतज्ज्ञानेच दिला होता. जून २०२२मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के झाला, चाळीस वर्षांतला सर्वाधिक. पुढे दर उतरला, तरी भाव उतरले नाहीत. जानेवारी २०२१ची १०० डॉलरची पिशवी जानेवारी २०२५मध्ये १२१ला पडत होती. बायडेन यांचे लोक दराचा आलेख दाखवत राहिले, मतदार पिशवी दाखवत राहिला.

पण कर्जाबद्दल बोलताना लँकफर्ड यांनाही पेन हाती धरावं लागलं. १ जुलै २०२५ला ट्रम्प यांचं मोठं कर-आणि-खर्च विधेयक सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी निघालं. दहा वर्षांत तुटीत ३.४ लाख कोटी डॉलरची भर, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज; कर्जमर्यादा आणखी पाच लाख कोटींनी वर. २०२४मध्ये व्याजावरचा खर्च ८८ हजार कोटी डॉलरच्या पुढे, संरक्षण खर्चाहून जास्त गेला होता, हे त्यांना पाठ असणार. सरकारी उधळपट्टीचे अहवाल वर्षानुवर्षं काढणाऱ्या सिनेटरांनी बाजूने मत दिलं. तीन रिपब्लिकन विरोधात गेले, त्यांत ते नव्हते.

त्यांची एक जुनी सूचना मला अजूनही त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटते. डेमोक्रॅट मॅगी हॅसन यांच्यासोबत मांडलेली: अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही तर सरकारी कचेऱ्या बंद न पाडता जुनाच खर्च आपोआप १४-१४ दिवसांनी पुढे चालू ठेवायचा, आणि तोवर खासदारांनी वॉशिंग्टन सोडायचं नाही, घरी जायचा प्रवासखर्च मिळणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ला कचेऱ्या बंद पडल्या तेव्हाही ही सूचना कायदा झालेली नव्हती. बंद ४३ दिवस चालला, अमेरिकेच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लांब. विमानतळांवरचे नियंत्रक बिनपगारी काम करत होते. प्रतिनिधिगृह त्या काळात जवळजवळ भरलंच नाही. पत्रकार परिषदा मात्र चालू होत्या.